विदुषी इरावतीबाई कर्वे आणि वंशशुद्धीचा प्रश्न

आमच्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांनी रामकुंडावर आपल्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी उघडून पाहिली असेल. पणजोबांची सही दृष्टीस पडताच ऊर भरून येतो. परंतु काही पिढ्यांपलीकडे पाने संपतात आणि तेथून कल्पनेचा प्रांत सुरू होतो. आमच्याच स्मरणिकेच्या काही जुन्या अंकांत नाक, कपाळ व वर्ण यांच्या आधारे ज्ञातीच्या शुद्ध आर्य रक्ताची ग्वाही दिलेली आहे. ती पुन्हा वाचनात आल्यामुळे यंदा ज्ञातीबाहेरील एका विदुषीचे चरित्र सादर करण्याचे आम्ही योजिले.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील नदीवरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. माहेरच्या त्या करमरकर. सातव्या वर्षी त्या पुण्यास हुजूरपागेत आल्या व पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून त्यांनी १९२८ मध्ये एम्. ए. ची पदवी संपादन केली. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव हे त्यांचे पती होत.

त्या काळी मनुष्याची कवटी व नाक मोजून त्याची योग्यता ठरविण्याचे शास्त्र युरोपात भरास आले होते. आपल्याकडेही १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता मांडली आणि मराठी मुलखातील लोकांस शक व द्रविड यांच्या मिश्रणात बसवून टाकले. अशा वातावरणात इरावतीबाई बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनास गेल्या. युरोपीयांची कवटी इतरांहून अधिक असममित असते व त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी त्याचा संबंध आहे, अशी एक उपपत्ती तेथे मांडली जात होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. त्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी मृतांच्याही कवट्या होत्या. उपपत्तीस आधार मिळाला नाही, आणि आपल्या गुरूंच्याच संस्थेत बसून त्यांनी तसे लिहिले. परदेशी, परावलंबी विद्यार्थिनीच्या अंगी हे धैर्य कोठून आले असेल, याचे आम्हांस आजही नवल वाटते. १९३० मध्ये त्यांस डॉक्टरेट मिळाली. १९३३ नंतर हीच संस्था नाझी राजवटीच्या वंशविषयक कायद्यांची पाठराखी झाली.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मापनाची साधने घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. जात ही आपापसात लग्ने करणारी, म्हणजेच विस्तारलेल्या आप्तांची मंडळी होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. वधूवरांची यादी छापणाऱ्या आमच्यासारख्या मंडळास ते सहज पटेल. पण त्यापुढील पायरी अवघड आहे. एकाच मूळ जातीची शकले होऊन पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे मत त्यांनी नाकारले. महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण ज्ञातींची मापे घेऊन त्यांनी व कैलास मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. समान दर्जाच्या या ज्ञाती शरीरमापांत एकमेकींपासून वेगळ्या ठरल्या. समान दर्जा म्हणजे समान उगम, हे त्यातून निष्पन्न होत नाही. मग आमच्या उत्पत्तिकथेतील एका ऋषीचे काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनास विचारावा.

एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. गुरूंची उपपत्ती टाकूनही मापपट्टीवरील त्यांचा विश्वास अखेरपर्यंत पुरता सुटला नाही. रक्ताच्या अंशांचा अभ्यास आज बराच पुढे गेला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार भारतातील बहुतेक सर्व समूहांचे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले, व बेटीव्यवहाराची बंधने त्यानंतर घट्ट झाली.

‘युगान्त’ या ग्रंथामुळे त्या घरोघर पोचल्या. १९६८ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. कुंकू व मंगळसूत्र न घालता पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालविणाऱ्या या बाईंकडे आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावूनच पाहिले असते. ग्रंथ मात्र त्याच घरांत वाचला गेला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.