पंधराचा वर्ग

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं तुम्ही कधी गेला असाल, तर केडगाव स्टेशन तुम्ही पाहिलंय. पाहिलंय म्हणजे मोबाइलमधून मान वर काढून एकदा खिडकीबाहेर बघितलंय. त्या गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. शाळेत असताना तुम्ही रमाबाईंवर चार ओळींची टीपही लिहिली असेल: संस्कृत पंडिता, समाजसुधारक, शारदा सदनाच्या संस्थापक. झालं, पुढचा प्रश्न. त्या टिपेत एक गोष्ट बहुतेक गळलेली असते. ही बाई देवाकडे मागायची आणि मग उत्तराची वाट बघत बसायची. अगदी आकडा सांगून मागायची.

पण सुरुवात करायला हवी ती न मिळालेल्या उत्तरांपासून.

रमाबाई जन्मल्या १८५८ मध्ये, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवायचंच, या हट्टापायी त्यांनी भावबंदांचा रोष ओढवून घेतला होता. आई लक्ष्मीबाईंनी मग लेकीला शिकवलं. घर असं नव्हतंच. या तीर्थावरून त्या तीर्थावर जायचं, देवळात बसून पुराण सांगायचं, मिळेल त्यावर जगायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. या कुटुंबानं होतं नव्हतं ते दानधर्मात घातलं, उपास केले, अनुष्ठानं केली. देवाकडे मागायचं ते सगळं रीतसर मागून झालं. आणि काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भुकेनं.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता ज्या वयाचे आहात, साधारण त्याच वयात रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी निघाले, ते थेट पंजाब-काश्मीरपर्यंत. कधी भिजवलेलं धान्य मिठाबरोबर खाल्लं, कधी रानातली बोरं बियांसकट गिळली. झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेतलं आणि रात्र काढली. या भटकंतीत जुन्या देवांवरचा त्यांचा विश्वास हळूहळू सुटत गेला.

१८७८ मध्ये दोघं कोलकात्याला पोचली. विशीतल्या या मुलीचं संस्कृत ऐकून तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढची चार वर्षं मात्र भराभर सांगून टाकावीत अशीच आहेत. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं, जातीबाहेर लग्न झालं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ मध्ये पतीला पटकीनं गाठलं. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी.

रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी यायला लागल्यानं ते राहिलं. तिथं वाँटेज गावातल्या जोगिणींच्या मठात त्यांनी त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली. आता ही बाई साहेबांच्या मुठीत गेली असं ज्यांना वाटलं, त्यांना मठातली भांडणं ठाऊक नसावीत. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असं त्यांनी ठणकावून विचारलं. पाद्री सांगतात म्हणून मानायचं, हे तर त्यांना अजिबातच जमलं नाही. वडिलांची मुलगी ती!

अमेरिकेत पुस्तक लिहून, भाषणं देऊन त्यांनी पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. इथं धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, पण दार उघडं ठेवून. मुली आत यायला लागल्या. १८९३ मध्ये याच उघड्या दारावरून रान पेटलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’नं झोड उठवली, पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या. पालकांचा राग मला समजतो. शब्द एक आणि वागणं दुसरं, असं त्यांना वाटलं. रमाबाईंचं म्हणणंही समजतं: आपल्याच घरात दार लावून का बसायचं? हा वाद आजही कुठल्याही होस्टेलात होऊ शकेल.

तेव्हा रमाबाई जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचत होत्या. या माणसानं ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि वर्गणीसाठी कुणापुढे हात न पसरता फक्त देवाकडे मागितलं. अमेरिकेतल्या मंडळाचा मदतीचा शब्द दहा वर्षांपुरता होता. पुढं काय? म्हणून केडगावला शंभरेक एकर जमीन घेऊन फळझाडं लावायला सुरुवात झाली होती.

१८९६ मध्ये रमाबाई लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिराला गेल्या. बरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. तिथं त्यांनी देवाकडे मागणं मागितलं, पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग करून दे. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. जागा नाही, पैसा नाही, आणि मागणी ही अशी.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेनं हाडांचा सापळा झालेल्या पोरी बघून त्यांना आपलं लहानपण आठवलं नसेल तर नवल. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बाया आणल्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तीच मुक्ती.

इथं थांबून एक विचारायला हवं. हे प्रार्थनेचं उत्तर म्हणायचं, तर ते दुष्काळाच्या वाटेनं आलं. मला ते पचायला जड जातं, तुम्हालाही जाईल. ज्या पोरींचे आईबाप वाटेत मेले त्यांनी काय मागितलं होतं? रमाबाईंना हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नव्हता, त्या स्वतः त्यातलीच एक पोर होत्या. त्यांनी दुष्काळाचं समर्थन कधी मांडलं नाही, माणसं आणली आणि जेवायला घातलं.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. रोज तेवढ्या तोंडांचा स्वयंपाक, आणि ठरलेलं उत्पन्न काही नाही. प्रार्थना म्हणजे हेच: पीठ, जळण, पाणी. पाण्याची गोष्ट मुक्तीच्या जुन्या वृत्तांतांत येते. पाऊस नव्हता, आसपासच्या विहिरी आटल्या होत्या. मुक्तीच्या दोन विहिरी रोज संध्याकाळपर्यंत उपसून कोरड्या व्हायच्या, आणि सकाळी त्या दिवसापुरतं पाणी आलेलं असायचं. जिवंत झरा म्हणा किंवा आणखी काही. त्या मात्र त्याला सरळ उत्तर म्हणत. आणि नुसतं गुडघ्यावर बसणं नव्हतं हं! माग होते, तेलाचा घाणा होता, गोठा होता, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होतं. सगळं बायकांच्या हाती.

छापखाना होता एका वेगळ्याच कामासाठी. खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी बायबल हवं, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्यांना संस्कृतानं पदव्या दिल्या, त्या आता जड संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत बसल्या. हे काम दीड तप चाललं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईनंतर मुक्ती तिनंच सांभाळायची असं ठरलेलं होतं. तिच्यासाठी आईनं काय मागितलं असेल ते वेगळं सांगायला नको. ते मिळालं नाही. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. असं सांगतात की शेवटी त्यांनी फक्त दहा दिवस मागून घेतले, मुद्रितं पुरी करण्यापुरते. ती पुरी झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला झोपेतच त्या गेल्या. पूर्ण बायबल बाहेर आलं ते त्यानंतर, १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवणाऱ्यांत दुष्काळातून आणलेल्या पोरीही होत्या.