जुन्या दरवाजांना भाव नव्हता तेव्हा ते जमवणारे दिनकर केळकर कोण होते?

नांदे, म्हाळुंगे, सूस या पट्ट्यात नव्या सोसायट्या उभ्या राहत आहेत. नवा फ्लॅट सजवताना वाड्याचा कोरीव दरवाजा, पितळी समई किंवा जुना पेटारा शोधणारे आज पुष्कळ भेटतात. पण पुण्यात एका माणसाने ही आवड शंभरेक वर्षांपूर्वीच जोपासली होती. ते म्हणजे दिनकर गंगाधर केळकर.

चष्म्याचे दुकान आणि कविता
केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुण्यात त्यांचा चष्म्याचा व्यवसाय होता. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. इतिहासाच्या ओढीने १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पुढे गावोगाव फिरून वस्तू मिळवणे हेच त्यांचे आयुष्य झाले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती.

त्यांची निवड वेगळी कशी?
संग्राहक म्हटला की सोने-चांदी, राजेरजवाड्यांच्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. केळकरांची नजर स्वयंपाकघरात, देवघरात आणि माजघरात जाई. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, अंग घासायच्या वज्री, कोरीव खिडक्या आणि दरवाजे त्यांनी जमवले. कामाची वस्तूही देखणी असावी म्हणून कारागिराने घेतलेले कष्ट त्यांना मोलाचे वाटत. सुपारी कातरायला साधे पाते पुरते, तरी अडकित्त्याला मोराचा किंवा माणसाचा आकार दिला जाई. हीच त्यांच्या आवडीची खूण होती.

वाडे पडले की लाकूड जळणात आणि पितळ मोडीत जाण्याचा धोका असे. कोथरूडच्या मस्तानी महालाचीही पडझड झाली होती. केळकरांनी त्याचे अवशेष आणून संग्रहालयात तो पुन्हा उभारला. त्यामुळे खांब, छत आणि भिंती मिळून जुनी खोली कशी दिसे, हे आजही पाहता येते.

विकले का नाही?
जमवलेल्या वस्तू विकून त्यांना पैसा करता आला असता. पण १९६२ मध्ये त्यांनी संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. त्याला स्वतःचे नाव दिले नाही. लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले. म्हणून ते ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’. संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे २० हजारांवर गेली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी केळकरांचे निधन झाले.

आज काय घ्यायचे?
जुनी वस्तू घरात आणताना ती कुठे शोभेल, हे आपण पाहतो. ती कोणत्या कामाची होती, कोणाच्या हातात असे, हे केळकर पाहत. बाजीराव रस्त्याजवळच्या नातूबागेतील या संग्रहालयात एक फेरी मारली, की हा फरक लक्षात येतो.