हकिमाचे शेवटचे दुखणे

हिजरी ४२८ चा रमजान, म्हणजे इसवी सन १०३७ चा उन्हाळा. इराणमधील हमदान शहरात अबू अली इब्न सिना अंथरुणाला खिळले होते. वय अवघे सत्तावन्न. त्यांचा ‘अल्-कानून फित्-तिब्ब’ हा पाच खंडांचा ग्रंथ पुढे युरोपातील विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला गेला. आपल्याकडचे युनानी हकीमही तो मानतात. पण आता त्यांना स्वतःला कोणतेच औषध नको होते.

दुखणे होते पोटशुळाचे. हकीम त्याला कुलंज म्हणतात. या रोगाशी त्यांचा संबंध जुना. बुखाऱ्याजवळ जन्मलेले इब्न सिना फिरत फिरत हमदानला आले, तेव्हा तिथला अमीर शम्सुद्दौला याच दुखण्याने बेजार होता. त्याला बरे केले आणि पुढे ते वजीर झाले. मग सैन्य बिथरले, घर लुटले गेले, लष्कराने त्यांचे शिर मागितले. चाळीस दिवस ते एका स्नेह्याकडे लपून राहिले. अमिराला पुन्हा कळ आली, तेव्हा माफी मागून त्यांनाच बोलावणे गेले! अमिराच्या मृत्यूनंतर फरदजानच्या किल्ल्यात चार महिन्यांची कैद वाट्याला आली. तिथे त्यांनी कुलंजावरच एक पुस्तक लिहिले.

पुढे इस्फहानच्या अलाउद्दौलाच्या पदरी असताना, ऐन लढाईत तोच रोग त्यांना जडला. माघार घ्यावी लागली तर आपण मागे राहू, या धास्तीने त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. आतडी सोलवटली, व्रण झाले. तशात लष्कराबरोबरची धावपळ. फेफऱ्याचे झटके येऊ लागले. बस्तीत दोन दानक अजमोदाचे बी घालायला त्यांनी सांगितले होते. उपचार करणाऱ्या वैद्याने पाच दिरहम घातले, म्हणजे पंधरा पट. चुकून की मुद्दाम, हे त्यांचे शिष्य जुझजानी यांनाही सांगता आले नाही. झटक्यांवरच्या औषधात तर एका नोकराने भरमसाट अफू मिसळली. धन्याच्या पैशांवर डल्ला मारला होता. धनी जगला तर आपली खैर नाही, ही त्याची भीती.

डोलीतून इस्फहानला आणल्यावर ते थोडे सावरले. पण पथ्य काही त्यांच्याने पाळवेना. अलाउद्दौलाबरोबर हमदानला जाताना दुखणे उलटले. अंगातली शक्ती सरली हे ओळखून त्यांनी उपचार थांबवले, संपत्ती गोरगरिबांना वाटली, गुलाम मुक्त केले. दर तीन दिवसांनी कुरआनचे एक पठण पूर्ण होई. रमजानमधल्याच एका शुक्रवारी ते गेले. त्यांची कबर हमदानलाच आहे.