सॅलरी स्लिपवरच्या २०० रुपयांमागे आहे वि. स. पागे यांची गोष्ट

अंधेरीतलं ऑफिस असो, घाटकोपरची बँक असो की मुलुंडमधलं दुकान, नोकरदाराच्या सॅलरी स्लिपवर एक ओळ ठरलेली असते. प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५००. ही ओळ आपण फारशी वाचत नाही. पण १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रात हा कर आला, तो खेड्यातल्या मजुरांच्या हाताला काम देता यावं म्हणून. आणि ज्या योजनेसाठी तो आला, तिचे जनक होते विठ्ठल सखाराम पागे.

कोण होते पागे?

पागेंचा जन्म १९१० चा, आजच्या सांगली जिल्ह्यातला. शिक्षणाने वकील, विचाराने गांधीवादी. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी तुरुंगवासही भोगला. पुढे १९६० ते १९७८ अशी तब्बल १८ वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते.

मोठं पद मिळालं, तरी त्यांच्या डोक्यातून गावाकडचा एक प्रश्न काही गेला नाही. कोरडवाहू भागातल्या शेतमजुराला पावसाळा संपला की काम नसायचं. मग एक तर उपाशी राहायचं, कर्ज काढायचं किंवा मुंबईची वाट धरायची.

त्याच गावात दुसरीकडे काय चालायचं? उघड्या माळावरून माती वाहून जायची, ओढ्याचं पाणी न थांबता निघून जायचं. म्हणजे मजूर रिकामा आणि जमिनीची कामं मात्र पडून. पागेंनी हे दोन प्रश्न एकत्र जोडले. मजुराला मदत द्यायचीच आहे, तर ती मजुरी म्हणून द्या. आणि ती मजुरी अशा कामावर द्या, ज्यातून गावात माती आणि पाणी टिकेल.

विसापूरचा प्रयोग आणि ७२ चा दुष्काळ

१९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर इथे ही कल्पना करून बघण्यात आली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनीही ती उचलून धरली. १ मे १९७२ रोजी रोजगार हमी योजना राज्यासाठी जाहीर झाली.

पण त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. अनेक ठिकाणी लोक नुसती खडी फोडत होते. पोट भरलं, पण पुढच्या दुष्काळासाठी गावाच्या हाती काय लागलं? पागेंच्या कल्पनेचं महत्त्व इथे कळतं. त्यात पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि झाडं लावणं अशा कामांवर भर होता.

दया नाही, हक्क

१९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर ते १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता रोजचा फक्त १ रुपया होता, पण तो सरकारला देणं भाग होतं. बाई आणि पुरुष दोघांनाही एकच दर होता. त्यामुळे या कामांवर बायकांची संख्या मोठी असायची. कामाचा हक्क देणारा असा कायदा देशात पहिल्यांदाच झाला होता.

यासाठी पैसा कुठून आला? प्रोफेशनल टॅक्स आणि इतर काही करांमधून. त्यात मोठा वाटा मुंबईचा होता. शहराकडे येणारे लोंढे थांबवायचे, तर शहरानेही गावाच्या कामाला हातभार लावावा, असं हे गणित.

पाणी कुणाचं?

योजनेत खोटही होती. खोटी मस्टर भरली गेली, मजुरी उशिरा मिळाली. पण त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा होता. तलाव भूमिहीन मजुराने खोदला आणि पाणी मात्र खालच्या अंगाला ज्याची जमीन आणि विहीर होती, त्याला मिळालं. मजुराला मिळाली ती फक्त मजुरी. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी याच दुखण्यावर बोट ठेवलं. तिथे पाणी माणशी वाटलं जायचं आणि भूमिहीनालाही वाटा होता.

१९९० मध्ये पागे गेले. त्याच वर्षी रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली. कोकणात आंबा-काजू आणि कोरडवाहू भागात बोर, डाळिंब, सीताफळ अशा बागा यातून उभ्या राहिल्या. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होताच.

पुढच्या वेळी गावी गेलात, तर गावाबाहेरचा पाझर तलाव कधी आणि कुणी खोदला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा. कदाचित आजीच सांगेल की त्या कामावर ती स्वतः होती.