बुरशीची कुळे लावणारे बटलरसाहेब

ह्या पावसाळ्यात वडिलांच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पांढरी बुरशी धरली. ती पुसत असता एका विद्यार्थिनीने तिचे नाव विचारले आणि मी निरुत्तर झालो. बावीस श्रुतींची चर्चा करणाऱ्या आमच्या घरात बुरशीला मात्र एकच नाव होते. त्या निमित्ताने सर एडविन जॉन बटलर ह्यांचे चरित्र धुंडाळले.

बटलर ह्यांचा जन्म १८७४ साली आयर्लंडातील किल्की गावी झाला. शिक्षण वैद्यकीचे, मन मात्र रमले बुरशीत. १९०१ साली ते सरकारी नोकरीवर हिंदुस्थानात आले आणि बिहारातील पुसा येथे त्यांनी उमेदीची वर्षे घालविली.

त्या काळी उभी तूर अकस्मात वाळून जाई. शेतकरी त्यास मर म्हणतात. वाळल्या मुळांवर दिसणारी दोन रूपे एकाच बुरशीच्या अवस्था होत, असा समज होता. बटलर ह्यांनी दोहोंची निरोगी रोपांवर परीक्षा घेतली आणि १९१० साली दाखवून दिले, की त्या दोन निराळ्या बुरशा होत. एक मेल्या मुळांवर जगणारी, निरुपद्रवी. खरी गुन्हेगार दुसरी. तिला त्यांनी फ्युजेरियम उडम हे नाव दिले. भूप आणि देशकार ह्यांचे स्वर तेच. पण चलन न ओळखणाऱ्याची जी गत, तीच येथे. ही बुरशी मातीतून मुळात शिरून पाण्याच्या वाहिन्या कोंडते. म्हणून पिकांची फेरपालट आणि रोगास न जुमानणारे वाण हाच खरा उपाय.

गोदावरीच्या मुखाकडे ताडांचे शेंडे कुजविणाऱ्या रोगाचा छडाही त्यांनीच लावला. त्या रोगकारकाला १९०७ साली लावलेले कूळ त्यांनी स्वतःच १९१९ साली बदलले. आज तर तो बुरशीत गणलाही जात नाही; त्याचे नाते तपकिरी शेवाळांशी जुळते. आपली चूक आपणच दुरुस्त करणे हे मोठ्या गवयांनाही नेहमी साधत नाही.

१९२० साली ते इंग्लंडात परतले. बिस्बी ह्यांच्यासह त्यांनी केलेली हिंदुस्थानातील बुरशांची सूची १९३१ साली प्रसिद्ध झाली. १९३९ साली ते सर झाले, १९४३ साली निवर्तले.

आपल्या हैदराबादेजवळ पाटणचेरूस १९७२ साली निघालेल्या संशोधन संस्थेत मुद्दाम मरग्रस्त जमिनीत तूर पेरून टिकाऊ वाण निवडण्यात आले. आपल्या पानातील वरणावर त्या साहेबाचेही थोडे ऋण आहे.