राणी चंद्रलेखा

बीड जिल्ह्यांतील धर्मापुरी या गांवीं केदारेश्वराचें जुनें दगडी मंदिर आहे. त्याच्या बाहेरील भिंतींवर स्त्रियांच्या सुरेख मूर्ती कोरलेल्या आहेत. हें काम कल्याणीच्या चालुक्य राजांच्या काळचें होय. त्या घराण्यांतील सहावा विक्रमादित्य यानें १०७६ पासून ११२६ पर्यंत पन्नास वर्षें राज्य केलें, व धर्मापुरीचा मुलूखही त्याच्याच सत्तेखालीं होता. त्याची एक राणी चंद्रलेखा, जिला चंदलादेवी असेंही म्हणत, हिची हकीकत वाचक बंधुभगिनींनीं मनन करण्याजोगी आहे.

चंद्रलेखा ही कृष्णा व कोयना यांच्या संगमावरील कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यांत जन्मली. विक्रमादित्याच्या दरबारीं बिल्हण नांवाचा काश्मिरी कवि होता. त्यानें राजाचें चरित्र संस्कृत काव्यांत लिहिलें आहे. कऱ्हाडास स्वयंवर झालें, अनेक राजे जमले, आणि तिनें विक्रमादित्यास वरिलें, असें तो वर्णितो. कवीनें तिच्या रूपाच्या वर्णनांत कित्येक श्लोक खर्चिले आहेत. परंतु ती केवळ रूपवती नव्हती. नृत्यकलेंत ती निपुण होती, व शिलालेखांत त्या गुणाबद्दल तिची प्रशंसा केलेली आहे. शिवाय त्या काळीं चालुक्यांच्या राण्या केवळ अंतःपुरांत बसून राहत नसत. विक्रमादित्याच्या कित्येक राण्यांकडे गांवांचा व प्रांतांचा कारभार सोपविलेला होता.

आतां रूपाच्या कीर्तीचा परिणाम काय झाला तो पाहा. दूर काश्मीरांत हर्ष नांवाचा राजा १०८९ सालीं गादीवर आला. तो विद्वान व रसिक होता, पण त्याचें मन त्याच्या ताब्यांत नव्हतें. त्यानें चंदलेचें चित्र पाहिलें मात्र, आणि परक्याच्या त्या पत्नीचा अभिलाष धरिला. विक्रमादित्याचा नाश करून तिला आणीन, अशी प्रतिज्ञा त्यानें भरसभेंत केली. खुशामत करणाऱ्यांनीं त्यास चढविलें. इतकेंच नव्हे, तर त्या निर्जीव चित्राची राखण करण्यास त्यानें आपला सेनापति नेमिला, व चित्रांतील राणीच्या वस्त्रालंकारांसाठीं खजिन्यांतून पैसा दिला! कल्हणानें आपल्या राजतरंगिणींत ही गोष्ट राजाच्या मूर्खपणाचा दाखला म्हणून लिहून ठेविली आहे. हर्ष कल्याणीस कधींच पोहोंचला नाहीं. ११०१ सालीं बंडांत राज्य गमावून तो मारला गेला.

या सर्व प्रकारांत चंद्रलेखेचा दोष कोणता? कांहींच नाहीं. तिनें त्या राजास पाहिलेंही नव्हतें. त्यानेंही तिला पाहिलें नव्हतें. त्यानें पाहिले ते रंग आणि रेषा. तिची विद्या, तिचे श्रम, तिचें मन, यांपैकीं चित्रांत कांहींच उतरलें नव्हतें.

आपण हर्षास हंसतों. परंतु आपल्या गांवीं मुलगी पाहावयास मंडळी जाते, तेव्हां रंग व नाकडोळे यांचीच चौकशी पहिली होते. तिला काय येतें, तिच्या मनांत काय आहे, हें विचारणारे थोडे. ती मंडळीही एका अर्थीं चित्रच पाहून परततात. आपल्या घरीं येणाऱ्या सुनेस माणूस म्हणून ओळखावयाचें असेल, तर तिच्याशीं दोन शब्द बोलावे, व ती बोलूं लागली म्हणजे ऐकून घ्यावें.