वसतिगृहांचे जनक : राजर्षी शाहू महाराज



आपल्या आंबागडचा किल्ला आपण रोज पाहतो. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याच्या राजवटीत राजखान पठाण याने तो सुमारे १७०० साली बांधला, हे आपली मुले शाळेत शिकतात. परंतु विद्यार्थ्यांना राहण्यासाठी वसतिगृहे उभारणारा एक राजा महाराष्ट्रात होऊन गेला आणि त्यांपैकी एक वसतिगृह खास मुसलमान विद्यार्थ्यांसाठी होते, हे किती जणांना ठाऊक आहे? तो राजा म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज. बारावीचे वर्ष जवळ आले की मुलाला ठेवायचे कुठे, हा प्रश्न आपल्या घराघरांत उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शंभर वर्षांपूर्वीच शोधले, त्यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. आईचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि पुढच्याच वर्षी शिक्षणासाठी त्यांना दूर राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठविण्यात आले. तेथे असतानाच १८८६ मध्ये वडील जयसिंगराव यांचे निधन झाले. घरापासून दूर राहून शिकणे म्हणजे काय, याचा अनुभव या राजाने स्वतः घेतला होता. पुढे धारवाडला फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

दरबारात आणि कचेऱ्यांत पाहिले तर जवळजवळ सर्व जागा एकाच वर्गाच्या हाती होत्या. शेतकऱ्याचा, कारागिराचा, मुसलमानाचा मुलगा तेथे दिसेना. याचे कारण काय? बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. त्या काळी विद्यापीठाचे दार उघडायचे तर मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा पास व्हावी लागे. त्यासाठी हायस्कूल हवे, आणि हायस्कूल कोल्हापूर शहरात. गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत असे आणि शिकत असे. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या किंवा मुसलमानाच्या पोराला शहरात असा आधार नव्हता. फी माफ झाली तरी रात्री पाठ टेकायची कुठे आणि पुस्तक उघडायचे कोणत्या दिव्यापुढे?

मित्रहो, महाराजांचे मोठेपण येथे आहे. त्यांनी रोग नेमका ओळखला. प्रथम त्यांनी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले, पण त्याचा लाभ आधीच पुढारलेल्यांनी घेतला. तेव्हा त्यांनी मार्ग बदलला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. मग लिंगायत, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. प्रत्येक ठिकाणी रीत एकच : दरबाराने जागा व मदत द्यावी आणि समाजाने आपली संस्था स्वतः चालवावी.

मुसलमान समाजासाठी १९०६ मध्ये महाराजांनी पुढाकार घेतला. समाजातील प्रतिष्ठित मंडळींना एकत्र बोलावून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. एका हिंदू राजाने मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष व्हावे, ही घटना आपण मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे. कोल्हापूरच्या दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग हे त्याच कामाचे स्मारक. महाराजांनी जागा दिली, पैसा दिला, आणि काही पीर-दर्ग्यांचे उत्पन्नही या बोर्डिंगकडे लावून दिले. उरुसाच्या दिव्याबरोबर विद्यार्थ्याचा दिवाही त्या उत्पन्नातून तेवू लागला. पवित्र कुराणाचे मराठीत भाषांतर व्हावे यासाठीही त्यांनी खटपट केली.

२६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी राज्यातील निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्यांत मुसलमानही आले. पण जागा राखून भागत नाही, जागेला लायक माणूस तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होत होता बोर्डिंगच्या पंगतीत व अभ्यासाच्या खोलीत. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९२० च्या मे महिन्यात ते आपल्या नागपुरास आले आणि बहिष्कृत समाजाच्या परिषदेचे अध्यक्ष झाले. ६ मे १९२२ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

जातवार वसतिगृहांनी जाती पक्क्या होतील, अशी शंका काहींना येते. तिचे उत्तर कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून शिकून गेलेल्या भाऊराव पाटलांनी दिले. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचेच नाव देण्यात आले.

पालकहो, आता थोडे आपल्याविषयी. मी शिक्षक आहे. दहावीपर्यंत चमकणारी मुले-मुली पुढे गळताना मी पाहतो. कोणी तुमसरची बस चुकली म्हणून, कोणी भंडारा-नागपुरात ओळखीचे घर नाही म्हणून. मुलींच्या बाबतीत तर घरात विषयच निघत नाही. लग्नाच्या मांडवावर आपण कर्ज काढतो. वसतिगृहाच्या एका खोलीसाठी वर्गणी मागितली की मात्र हात आखडतो. महाराजांनी आपला वाटा कधीच उचलला. समाजाचा वाटा मात्र दरसाल नव्याने उचलावा लागतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वसतिगृहात घरचे जेवण मिळणार नाही, आईची हाक ऐकू येणार नाही. पहिले काही दिवस जड जातील. तेव्हा राजकोटला वडिलांच्या निधनाची बातमी ऐकणाऱ्या त्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाची आठवण करा, आणि पुस्तक उघडा.